पुण्याची श्रोतृमंडळे आणि दूरशिक्षणाची पूर्वपीठिका

ज्या शिक्षणपद्धतीत पाठाचा काही भाग यंत्राच्या द्वारे दुरून पोहोचतो आणि काही भाग समोरासमोर बसून पुरा होतो, ती संमिश्र पद्धती आंतरजालाबरोबर जन्मास आली, असा समज शिक्षणखात्याच्या परिपत्रकांपासून पालकसभेतील भाषणांपर्यंत सर्वत्र रूढ झालेला आहे. हा समज निराधार तर आहेच, शिवाय हानिकारकही आहे; कारण त्यामुळे मागल्या पिढ्यांनी कष्टाने मिळविलेला अनुभव दफ्तरात पडून राहतो, आणि नवे साधन हाती येताच आपण तीच वाट पुन्हा चाचपडत चालू लागतो. महाराष्ट्राच्या भूमीवर या पद्धतीचा एक अत्यंत सुव्यवस्थित प्रयोग १९५६ साली झाला आणि त्याचे फळ शास्त्रीय रीतीने मोजलेही गेले. त्याचे साधन आकाशवाणी हे होते, आणि त्याचे विद्यार्थी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील शेतकरी होते.

या प्रयोगाकडे वळण्यापूर्वी त्याच्याही मागे थोडे जाणे इष्ट आहे, कारण दुरून शिकविण्याची कल्पना टपालाच्या पोटी जन्मलेली आहे. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र कोठेही जाऊ लागले, त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलेखनपद्धती टपालाने शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने गिरविलेला धडा त्यांच्याकडे यावा आणि दुरुस्त होऊन परत जावा, अशी ती व्यवस्था होती. दुरुस्त होऊन परत जाणे हाच तिचा प्राण होता. १८५८ साली लंडन विद्यापीठाने कोठेही राहून अभ्यास केलेल्या उमेदवारांना परीक्षेस बसण्याची मुभा दिली, हे पाऊल मोठे खरे. पण तेथे विद्यापीठ परीक्षा घेत होते, शिकवीत नव्हते. त्याच लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झालेली होती, आणि आरंभीची कित्येक वर्षे तेही परीक्षा घेऊन सनदा देणारे मंडळ होते. अध्यापनाचा भार संलग्न महाविद्यालयांवर असे. आपल्याकडे १८५४ पासून अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ लागले होते, तरी टपालाने पदवीचे शिक्षण देण्याची विद्यापीठीय तजवीज होण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली: दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ साली.

पुणे आकाशवाणी केंद्राचे उद्घाटन १९५३ च्या गांधीजयंतीस झाले. पुढे अडीच वर्षांच्या आत, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, युनेस्कोच्या साह्याने या केंद्राने उपरोक्त पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. कल्पना मूळची कॅनडाची. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची लहान लहान मंडळे ठरलेल्या वेळी एकत्र बसून नभोवाणी ऐकत, ऐकलेल्या विषयावर चर्चा करीत आणि आपले निष्कर्ष मध्यवर्ती कार्यालयास कळवीत. पुण्यात ही कल्पना आपल्या परिस्थितीशी जुळवून घेण्यात आली. प्रत्येक गावी सुमारे वीस सभासदांचे मंडळ, त्याचा एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा, सायंकाळी, अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, साक्षरतेचे, गावकारभाराचे. निवेदन संपले की ग्रहणयंत्र बंद करावयाचे आणि मंडळाने बोलू लागावयाचे. चर्चेत काय ठरले आणि कोणती शंका उरली याची नोंद निमंत्रकाने करून ती पुण्यास धाडावयाची, आणि केंद्राने पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्या शंकेचे समाधान करावयाचे, असा दंडक होता. मंडळांकडे लक्ष पुरविण्यास संघटकही नेमलेले होते.

या योजनेची रचना पाहिली म्हणजे तिच्या कर्त्यांच्या विवेकाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. विजेचा खांब ज्या गावांनी पाहिलेला नव्हता, तेथे ऐकणाऱ्याला बोलण्याची संधी मिळाली पाहिजे आणि त्याचे बोलणे उगमापर्यंत पोहोचले पाहिजे, हे त्यांनी योजनेच्या पायाशीच धरले होते. निमंत्रक हा बहुधा गावातलाच लिहिता-वाचता मनुष्य असे. त्याच्याजवळ विषयाचे पांडित्य असण्याची अपेक्षा नव्हती. लोकांना वेळेवर जमविणे, मुकाट बसणाऱ्यास बोलते करणे आणि झालेले बोलणे प्रामाणिकपणे टिपून ठेवणे, एवढे त्याचे काम होते. माझ्या मते दूरशिक्षणाच्या सबंध इतिहासात याहून महत्त्वाचे पद दुसरे नाही.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले होते, आणि ते पॉल नॉयराथ यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. नॉयराथ हे मूळचे व्हिएन्नाचे. हिटलरच्या अमदानीत दाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांतून वाचून ते अमेरिकेत गेले व तेथे समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. मोजमाप करण्याची त्यांची रीत सरळ आणि निर्दोष होती. ज्या गावांत मंडळ होते, ज्या गावांत आकाशवाणीचे ग्रहणयंत्र होते पण मंडळ नव्हते, आणि ज्या गावांत यंत्रही नव्हते, अशा तिन्ही प्रकारच्या गावांतील लोकांचे ज्ञान त्यांनी कार्यक्रमांच्या आधी व नंतर तपासले. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ ठसठशीत दिसली. जेथे केवळ यंत्र होते तेथे ती नगण्य होती. तोच आवाज, तीच भाषा, तोच विषय; फरक होता तो ऐकल्यानंतर एकत्र बसून बोलण्याचा. यंत्र पुरविले म्हणजे शिक्षण पुरविले असे होत नाही, हे या भूमीत याप्रमाणे १९५६ सालीच प्रमाणांनिशी सिद्ध झालेले आहे. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथूर यांनी नॉयराथ यांच्यासमवेत लिहिलेला या प्रयोगाचा वृत्तांत युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ही योजना देशभर लागू करण्याचा निर्णय अमलात आला. मंडळांची संख्या पुढे हजारांवर गेली. पण देखरेख करणाऱ्या माणसांची तरतूद त्या मानाने वाढली नाही, आणि योजना हळूहळू क्षीण झाली.

आकाशवाणीच्या लहरींवरून शिकविण्याचा आणखी एक वंश दूर ऑस्ट्रेलियात वाढत होता, आणि त्याचा आजच्या आभासी वर्गाशी असलेला संबंध अगदी थेट आहे. तेथील ओसाड अंतर्भागात शेकडो मैलांवर विखुरलेल्या वस्त्यांतील मुलांसाठी १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे आकाशशाळा सुरू झाली. फिरत्या वैमानिक वैद्यसेवेसाठी जे संदेशयंत्र घरोघरी बसविलेले होते, त्यावरूनच शिक्षिका बोले आणि मुले तिला उत्तर देत. मूल शिक्षिकेस विचारू शके, हे तेथील वैशिष्ट्य होते. अशाच निर्जन प्रदेशात, अशाच शाळेत मार्टिन डुगियामास नावाचा मुलगा शिकला. मोठेपणी पर्थ येथे असताना त्याने जी संगणकप्रणाली रचली आणि २००२ साली सर्वांस विनामूल्य खुली केली, ती मूडल होय. आज आपल्या कित्येक महाविद्यालयांचे आभासी वर्ग तिच्यावर चालतात. तिच्यात चर्चेच्या दालनाला आणि विद्यार्थ्यांच्या परस्पर संवादाला इतके अग्रस्थान का आहे, याचा उगम मला त्या लहानपणीच्या शाळेत दिसतो.

आपल्याकडे आकाशवाणीनंतर दूरचित्रवाणी आली. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. विक्रम साराभाईंनी पाहिलेले हे स्वप्न त्यांच्या निधनानंतर साकार झाले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. येथे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी स्थापन झाली, आणि तिच्या कार्यक्रमांनी मराठी मुलांच्या एका पिढीला सृष्टिज्ञानाची, गणिताची आणि कथांची गोडी लावली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्गही दूरदर्शनवर सुरू झाला. परंतु या दोहोंत पाहणाऱ्याच्या शंकेला परतण्यास वाटच नव्हती. एखाद्या जाणत्या शिक्षकाने संच बंद करून मुलांना बोलते केले तर ती वाट त्याने स्वतः पाडलेली असे. बालचित्रवाणी पुढे बंद पडली. तिचे मोल आम्ही पुरते ओळखले नाही, याची खंत वाटते.

ही परतीची वाट महाराष्ट्रात पुन्हा प्रशस्त केली ती नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने. १९६९ साली सनद मिळालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचा आदर्श समोर ठेवून हैदराबादेस १९८२ मध्ये आणि दिल्लीस १९८५ मध्ये मुक्त विद्यापीठे निघाली होती. १९८९ साली विधिमंडळाच्या कायद्याने नाशिकचे विद्यापीठ अस्तित्वात आले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. गंगापूर धरणाच्या परिसरात त्याचे मुख्यालय उभे राहिले, पण त्याचे खरे वर्ग तालुक्यातालुक्याच्या गावी, दुसऱ्या कोणाच्या तरी महाविद्यालयाच्या इमारतीत, सुटीच्या दिवशी भरत. ज्यांची बारावी झालेली नाही, त्यांनाही पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या मार्गाने पदवीस प्रवेश देण्याची तरतूद करून या विद्यापीठाने कित्येक वर्षांपूर्वी शाळा सुटलेल्या गृहिणींना, कारखान्यातील कामगारांना आणि शेतावर राबणाऱ्यांना दार उघडून दिले. स्वतः वाचून समजावी अशा बेताने लिहिलेली मराठी पुस्तके, गृहपाठ, अभ्यासकेंद्र, आणि त्या केंद्रावर भेटणारा समंत्रक, असे त्याच्या अध्यापनाचे चार आधार होते. यांपैकी समंत्रक हा मला १९५६ च्या निमंत्रकाचा वारस वाटतो. चाळिशीची बाई भीत भीत आपली वही पुढे करते आणि समोरचा मनुष्य तिचे वाक्य दुरुस्त करून तिला पुढले पान वाचावयास सांगतो, या घटनेचे मोल कोणत्याही प्रक्षेपणाने भरून निघणारे नाही. जेथे समंत्रक मनापासून काम करी तेथे विद्यार्थी टिकत. जेथे संपर्कसत्रे केवळ कागदावर होत तेथे ते परीक्षेपुरते उरत.

पुढील पर्व वेगाने आले. केवळ शिक्षणासाठी बनविलेला भारताचा पहिला उपग्रह एज्युसॅट २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. त्या योजनेच्या प्राथमिक चाचणीसाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत नाशिकचे मुक्त विद्यापीठ होते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणक खेड्यापर्यंत नेला. पाठ संगणकावर, पण शिकणाऱ्याने बाजारपेठेतल्या केंद्रावर रोज हजर राहावयाचे आणि अडले तर तेथील मार्गदर्शकास विचारावयाचे, अशी त्याची मांडणी होती, आणि त्याच्या विस्ताराचे रहस्य बव्हंशी या मांडणीतच होते. पवईच्या आयआयटीने दहा-दहा मिनिटांचे बोलके पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले, आणि केंद्र सरकारच्या आभासी प्रयोगशाळांच्या योजनेतही तिने भाग घेतला. २०१७ साली स्वयं आणि दीक्षा ही राष्ट्रीय व्यासपीठे खुली झाली.

मार्च २०२० मध्ये महामारीने शाळांची दारे एकाएकी लागली, तेव्हा या साऱ्या साधनांची कसोटी लागली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के घरांतच आंतरजालाची सोय होती, आणि ही माहिती सरकारच्या दप्तरी नोंदलेली होती. तरीही कित्येक ठिकाणी भ्रमणध्वनीवर चित्रफीत धाडली की पाठ झाला असे मानण्यात आले. घरातला एकुलता भ्रमणध्वनी बाप कामावर घेऊन जाई आणि मूल रात्रीपर्यंत वाट पाही. ज्या शिक्षकांना ही उणीव टोचली त्यांनी आपापल्या परीने उपाय शोधले. सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही मालिका बालभारतीच्या पुस्तकांच्या आधाराने जुलैपासून सुरू झाली, सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले, आणि गावोगावच्या शिक्षकांनी ओसरीवर, पारावर, देवळाच्या सभामंडपात चार-सहा मुलांचे गट बसविले. हे गट म्हणजे पुण्याच्या श्रोतृमंडळांचेच पुनरागमन होते, जरी ते बसविणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्या मंडळांची वार्ता असेल.

आज प्रत्येक शैक्षणिक व्यासपीठाच्या अंदाजपत्रकात यंत्रे, परवाने आणि चित्रफिती यांस रकमा असतात. गावी बसून मुलांना बोलते करणाऱ्या आणि त्यांची शंका वरपर्यंत पोहोचविणाऱ्या माणसाच्या मानधनास स्वतंत्र खाते क्वचितच असते. हे खाते प्रथम लिहिले जावे आणि उरलेल्या पैशात यंत्रे घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी विनंती वाचकांना. १९५६ च्या मंडळात विशी-पंचविशीत बसलेले सभासद आज नव्वदीच्या घरात आहेत. पुणे, नगर, नाशिक, सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील ज्या वाचकांच्या घरी अशी वडीलधारी मंडळी असतील, त्यांनी त्यांच्या आठवणी वेळीच लिहून घ्याव्यात. आणि त्या मंडळांची एखादी नोंदवही ग्रामपंचायतीच्या किंवा घरच्या जुन्या कागदांत आढळली, तर ती रद्दीत न घालता जिल्ह्याच्या ग्रंथालयात जमा करावी.