मोजणारा कोणाचा?



व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हटले, की वक्ता बहुधा राजे, लढाया किंवा संतमंडळी यांच्याकडे वळतो. मी सातवीनंतर शाळा सोडलेला आणि युनियनचे काम करता करता जे हाती लागेल ते वाचत गेलेला माणूस आहे. तेव्हा माझ्या ओळखीचाच विषय मी घेतला आहे. झालेले काम किती झाले हे जो मोजतो आणि ज्याच्या आकड्यावर पैसे चुकते होतात, त्या माणसाचा हा इतिहास आहे. इंग्रजीत त्याला क्वांटिटी सर्व्हेयर म्हणतात. आमच्या कामावरच्या बायका त्याला नुसते ‘टेपवाले साहेब’ म्हणत.

हिशेब साधा आहे. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १ फूट खोल खड्डा खणला, की १०० घनफूट माती निघते. तिला आपण एक ब्रास म्हणतो. मोजणाऱ्याने खोली १२ इंचांऐवजी ९ इंच धरली, तर मजुराची चौथाई मजुरी गेली. १५ इंच धरली, तर काम करवून घेणाऱ्याचे तेवढेच गेले. तीन इंचांचा हा सवाल आहे, आणि या धंद्याचा सारा इतिहास त्या तीन इंचांभोवती फिरतो असे मी म्हणेन.

मोजणारा हा स्वतंत्र माणूस असावा, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. आपल्या शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत स्थपतीच्या जोडीला सूत्रग्राही सांगितला आहे. सूत्र म्हणजे मापाची दोरी, आणि ती धरणारा तो सूत्रग्राही. परंतु या कामाचा रीतसर धंदा बनला तो इंग्लंडात. १६६६ साली लंडन जळाले आणि हजारो घरे पुन्हा बांधावी लागली. गवंडी, सुतार, कौले घालणारा असे प्रत्येकजण आपले काम करी, आणि काम पुरे झाल्यावर ते मोजून पैसे ठरत. गवंड्याचा मोजणारा एक आकडा सांगे, घरमालकाचा दुसरा, आणि मग दोघे भांडत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साऱ्या इमारतीचे कंत्राट एकाच माणसाला आगाऊ किंमत ठरवून देण्याची पद्धत वाढली. आता नकाशावरून विटा किती, लाकूड किती, खोदाई किती हे आधीच काढणे भाग पडले. प्रत्येक कंत्राटदाराने तोच हिशेब वेगळा करण्यापेक्षा सर्वांनी मिळून एकच मोजणारा नेमावा असे ठरू लागले. पुढे घरमालकांनी विचार केला, की अखेर पैसे आपलेच जाणार, तर यादीही आपणच का करून देऊ नये? अशा रीतीने एकच यादी सर्व कंत्राटदारांपुढे ठेवून त्यावर भाव मागवण्याची चाल पडली. १८३४ साली पार्लमेंटची इमारत जळाली. ती चार्ल्स बॅरी यांच्या आराखड्याप्रमाणे पुन्हा उभी राहिली, तेव्हा तिच्या परिमाणांचा हिशेब हेन्री हंट यांनी केला. १८६८ साली लंडनमध्ये सर्व्हेयर लोकांची संस्था निघाली, १८८१ साली तिला राजाज्ञा मिळाली, आणि १९२२ साली इमारतीचे काम कसे मोजावे याचे नियम छापले गेले. मोजण्याची रीत आधी जाहीर झाली, की मोजणाऱ्याच्या लहरीला जागा उरत नाही. या धंद्याची खरी प्रतिष्ठा मला यात वाटते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. इंग्रजी अमदानीतील सरकारी मोजणीशी खानदेशची पहिली ओळख झाली ती भांडणातून. १८५२ साली जमिनीची नवी मोजणी सुरू झाली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत लोक बिथरले आणि सरकारला फौज आणावी लागली. साखळी आली की पाठोपाठ सारा वाढणार, ही लोकांची भीती होती. पुढे त्याच मोजणीने नंबर पडले, बांधाचे दगड रोवले गेले, तीस वर्षांसाठी सारा ठरला, आणि त्याच कागदाचा आधार घेऊन शेतकरी स्वतःचा हक्क सांगू लागला. तात्पर्य, लोकांचे वैर मापाशी नसते. माप कोणाच्या बाजूने धरले जाते, ही त्यांची शंका असते.

१८५४ साली सरकारी बांधकाम खाते निघाले. त्याच वर्षी पुण्यात या खात्यासाठी हाताखालचे लोक तयार करण्याचा वर्ग सुरू झाला; पुढे त्याचेच इंजिनिअरिंग कॉलेज झाले. विश्वेश्वरय्या १८८४ साली या खात्यात आले, आणि त्यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक, पांझरेवरचा नळाचा सायफन, आपल्याच खानदेशात दातर्ती येथे झाले. त्यांचे नाव राहिले आणि ते योग्यच आहे. तेथील माती व दगड ज्यांनी मोजले, त्यांची नावे राहिली नाहीत.

या खात्याने एक मोठी चीज दिली, ती म्हणजे मोजमाप पुस्तक. त्याची पाने आधीच क्रमांक घालून दिलेली असतात. पान फाडायचे नाही, आकडा खोडून काढायचा नाही. चुकला तर रेघ मारून नवा लिहायचा आणि सही करायची. माप कामाच्या जागेवरच लिहायचे, आणि वरच्या अधिकाऱ्याने काही मापे पुन्हा घेऊन पडताळायची. ज्याने हे नियम केले त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता. पण नियमांनी लबाडी संपली नाही. महात्मा जोतीराव फुले स्वतः या खात्याची कंत्राटे घेत. खात्यातील हाताखालच्या अधिकाऱ्यांच्या लुटीवर त्यांनी लेखणी चालवली, ती आतून पाहिलेल्या माणसाची होती.

पुस्तकात एक उणीव मात्र राहिली. त्यात मोजणाऱ्याची सही आहे, कंत्राटदाराची आहे. खणणाऱ्याला तेथे जागा नाही. दुष्काळात याची किंमत कळली. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी उतरवून मोठ्या पुरुषाला रोज एक पौंड धान्य आणि एक आणा एवढी केली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. १८९९–१९०० च्या दुष्काळात, ज्याला आपले म्हातारे ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणत, ठरलेले काम भरले नाही तर मजुरी कापली जाई. भुकेल्या माणसाचे काम कमी भरते, म्हणून त्याला कमी अन्न, आणि कमी अन्न म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी कमी काम! माप बरोबर असूनही अन्याय होऊ शकतो, तो असा.

स्वराज्यात वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे जो प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी योजना आली. १९७२ साली ती राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो अमलात आला. समोर बसलेल्या नोकरदारांच्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ साली या योजनेसाठीच बसवला गेला. म्हणजे त्या खड्ड्यांशी आपलाही संबंध आहे.

या योजनेतील एका पाझर तलावाच्या कामावर माझी आई जात असे. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो आणि सुटीत पाट्या टाकायला जाई. मजुरी हजेरीवर नव्हती, खोदलेल्या मातीवर होती. त्यात माती की मुरूम, आणि ती किती लांब वाहिली, हेही धरले जाई. कागदावर घनमीटर असत, लोकांच्या तोंडी ब्रास. एका पंधरवड्यात माप घेणारा चार दिवस उशिरा आला. मध्ये वळवाचा पाऊस पडून खड्डे गाळाने भरले होते. त्याने वरूनच टेप सोडला आणि लिहून घेतले. आईने गाळाकडे बोट दाखवले. तो म्हणाला, “मावशी, मी जे आहे ते मोजतो.” तो खोटे बोलत नव्हता. पण घरी आलेला पगार मागच्यापेक्षा चौथाईने कमी होता, आणि आईने ते पैसे दोनदा मोजले.

पुढे संघटनेच्या कामात मी पहिली गोष्ट कोणती केली असेन, तर बायकांना टेप वाचायला शिकवला. खड्ड्याच्या मध्ये न खणलेल्या मातीचा एक खुंट ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन कोठे होती याला साक्ष राहते. आणि माप घेताना टेपचे दुसरे टोक टोळीतल्या बाईने धरायचे. एका तरुण इंजिनिअरने हे आनंदाने मान्य केले. तो आकडा मोठ्याने वाची आणि मगच लिही. त्याच्या कामावर आम्हाला कधी मोर्चा काढावा लागला नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, नाही तर हे व्याख्यान अप्रामाणिक होईल. एकदा आमच्या जोरापुढे नमून एका माप घेणाऱ्याने खोली वाढवून लिहिली. मला ते कळले होते आणि मी गप्प बसलो. कामाची मंजूर रक्कम लवकर संपली, बांध ठरल्या उंचीला गेलाच नाही, आणि पावसाळ्यात पाणी थांबले नाही. खालच्या विहिरी ज्यांच्या होत्या, त्यांत आमचेच मजूर होते. मोजणारा साहेबाचा असला की मजूर बुडतो, हे मी आईकडून शिकलो होतो. तो आपला झाला तरी आपण बुडतो, हे त्या वर्षी शिकलो.

आज शिरपूर तालुक्यात नाले खोल व रुंद करून बंधारे बांधण्याचे काम यंत्रांनी झाले आहे, आणि ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ते नावाजले गेले आहे. टिकावाची जागा पोकलेनने घेतली, टेपच्या जागी नवी यंत्रे आली. तरीही किती माती निघाली, हा प्रश्न कोणाला तरी सोडवावाच लागतो. खड्ड्यातली माती ट्रकमध्ये पडली की फुगते. माप खड्ड्याचे धरायचे की ट्रकचे, यावर आजही पैसा इकडचा तिकडे होतो.

म्हणून मी आपणांस एवढेच विनवतो. आपल्या गल्लीतला रस्ता, गटार, शाळेची खोली यांचे काम निघेल, तेव्हा माप घेण्याच्या दिवशी तेथे जाऊन उभे राहा. भांडायला नको. टेपचे दुसरे टोक धरा आणि आकडा मोठ्याने वाचायला सांगा. मोजणारा कोणाचाच नसावा हे खरे, पण त्याला तसे राहता यावे म्हणून आपण सर्वांनी त्याच्याजवळ उभे राहिले पाहिजे.