तीळ काढल्यानंतरची जखम

त्वचेवरचा तीळ घालवायचा तर तो कापायचा किंवा जाळायचा, एवढेच मार्ग माणसाला दीड-दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होते आणि आजही मुळात तेवढेच आहेत. क्षार गेला, द्रवरूप नायट्रोजन आला. तापवलेली शलाका गेली, लेसर आला. हत्यारांच्या क्रमाने सांगितला तर हा इतिहास सुधारणेचा सरळ चढ वाटतो. मला तो तसा दिसत नाही. या कामात वैद्याची कसोटी हत्यार उचलण्याआधी आणि ते खाली ठेवल्यानंतर लागते. आपण काय काढतो आहोत हे त्याने तपासले का, आणि मागे राहिलेल्या जखमेची जबाबदारी घेतली का? या दोन प्रश्नांच्या उजेडात पाहिले, तर जुन्यांतले काही जण आजच्या पुष्कळांच्या पुढे होते.

सुश्रुतसंहितेने तिळाला क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ विकारांत बसवले. तिलकालक, मषक, जतुमणी, चर्मकील अशी वेगवेगळी नावे देऊन त्यांची लक्षणे सांगितली आणि उपाय दिला तो असा, की शस्त्राने काढावे आणि मग क्षाराने किंवा अग्नीने निःशेष जाळावे. विकार किरकोळ, पण त्यासाठीची सिद्धता मोठी. मोखा, पळस, आघाडा, कुडा यांसारख्या वनस्पतींची राख पाण्यात कालवून ती एकवीस वेळा गाळायची, आटवायची, आणि भाजलेले शंख-शिंपले घालून तीव्र करायची. भाजलेल्या शिंपल्यांतल्या चुन्यामुळे राखेतला सौम्य क्षार दाहक होतो. प्राचीन भारतीय रसायनाचा इतिहास लिहिताना प्रफुल्लचंद्र राय यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या कृतीचा गौरव केला, तो याचसाठी. क्षार लावल्यावर शंभर मात्रा उच्चारण्याइतका वेळ थांबायचे, जागा काळी पडली की कांजीसारख्या आंबट द्रवाने त्याचा जोर मोडायचा आणि ज्येष्ठमध, तीळ व तूप यांचा लेप द्यायचा. अग्निकर्मानंतर मध आणि तूप. शरद आणि ग्रीष्म या ऋतूंत, निकड नसेल तर, डाग देऊच नये. इथेही ग्रंथ थांबत नाही. व्रणाच्या साठ उपक्रमांत भरून आलेली पांढुरकी जागा काळी करणारे कृष्णकर्म आहे, काळवंडलेली जागा उजळ करणारे पांडुकर्म आहे, व्रणावर केस उगवावेत म्हणून रोमसंजननही आहे. त्वचा शेजारच्या त्वचेच्या रंगाला येईपर्यंत उपचार संपत नाही, ही भूमिका मला या ग्रंथातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

यावर कोणी म्हणेल, ग्रंथात लिहिले म्हणून ते गावोगावचे वैद्य करत होते असे कशावरून? आक्षेप रास्त आहे. ग्रंथ व्यवहाराचा पुरावा देत नाही. काम पुरे झाले असे कशाला म्हणावे, याचा दंडक तेवढा तो देतो. तो दंडक व्यवहारात कसा झिजला, याची खूण घरगुती उपायांत सापडते. चुना आणि पापडखार ओला करून तिळावर ठेवण्याचा उपाय रसायनाच्या दृष्टीने सुश्रुताच्या क्षाराचाच धाकटा भाऊ आहे, कारण चुना आणि सोडा एकत्र आले की दाहक सोडा तयार होतो. घराघरांत पोचला तो जाळणारा अर्धा भाग. मोजून थांबणे, आंबटाने धुणे, नंतरचा लेप हे सगळे वाटेत गळले. बिब्ब्याचे तेच झाले. तो नीट शुद्ध करून, मापात वापरण्याचे द्रव्य होते. कच्चे बिबेल तेल चामखिळीवर लावले की भोवतालची कातडी फोडांनी भरते आणि काळा चट्टा कित्येक महिने राहतो. गरिबाला दुसरा उपाय परवडत नव्हता हे खरे, पण कांजी आणि तूप काही दुर्मीळ नव्हते. हरवले होते ते त्यामागचे ज्ञान.

पहिल्या प्रश्नात, म्हणजे काढलेले काय होते या प्रश्नात, सुश्रुताची परंपरा मात्र अपुरी ठरते, आणि ते स्पष्ट म्हणायला हवे. जे निःशेष जाळले ते पुन्हा पाहता येत नाही. लंडनमध्ये जॉन हंटर या शल्यविशारदाने १७८७ साली एका पस्तीस वर्षांच्या माणसाच्या जबड्यामागची, एकदा काढूनही परत आलेली गाठ कापली आणि बरणीत जपून ठेवली. ती मेलानोमाची, रंगपेशींच्या कर्करोगाची होती, हे १९६८ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर ठरले. दरम्यान फ्रान्समध्ये लाएनेक या वैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच या काळ्या गाठींना स्वतंत्र रोग म्हणून नाव दिले होते. या विद्येतला खरा पालट त्या बरणीत आहे. धारदार सुरी सुश्रुताकडेही होती. कापलेला तुकडा टाकून न देता त्यालाच प्रश्न विचारायचा, ही सवय नवी होती.

म्हणूनच लेसरबद्दल मी जपून बोलेन. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर तयार केला. पेशींतले पाणी हा किरण शोषते आणि ऊतीची वाफ होते. रक्त कमी, टाके नाहीत, उथळ चामखिळीला उत्तम. पण वाफ तपासता येत नाही. खोल राहिलेल्या रंगपेशी पुन्हा वर आल्या, तर तो नवा डाग सूक्ष्मदर्शकाखालीही कर्करोगासारखा भासू शकतो. भारतीयांत मेलानोमा विरळ, मग एवढी धास्ती कशाला, असे विचारले जाते. विरळ आहेच, आणि म्हणूनच तो उशिरा ओळखला जातो, बहुधा तळपायावर किंवा नखाखाली, जिथे कोणी पाहत नाही. दोन बाजू न जुळणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला, रंग बदलणारा किंवा वाढणारा तीळ आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचा. संशय असेल तर तो जाळायचा नाही, कापून विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवायचा.

जखमेच्या बाबतीत आधुनिक शास्त्र बऱ्याच वळणांनी जुन्या जागी आले. जखम कोरडी ठेवावी, खपली धरू द्यावी, हा समज १९६२ साली जॉर्ज विंटर यांच्या डुकरांवरच्या प्रयोगांनी मोडला; झाकून ओलसर राखलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने धरली. तूप-मधाचे लेप त्याच दिशेचे होते, पण म्हणून आज स्वयंपाकघरातले तूप जखमेवर घालू नये. निर्जंतुक मलम, साधी पेट्रोलियम जेली आणि पट्टी पुरते. खपली नखाने काढायची नाही. आपल्या सावळ्या त्वचेला भाजल्याचा काळा डाग चटकन पडतो आणि ऊन तो गडद करते, तेव्हा जागा भरून आल्यावर काही महिने सनस्क्रीन हवेच. छाती, खांदा आणि जबड्याची कड इथे व्रण जाड होऊन वाढण्याचा धोका अधिक; घरात कोणाला तसे झाले असेल तर हे आधीच सांगायचे. व्रण मऊ होऊन शेजारच्या रंगात मिसळायला वर्षभर लागू शकते, आणि तेवढे दिवस तो रुग्ण तीळ काढणाऱ्याचाच असतो.