रंगवेदनेचा वाद आणि डॉक्टरेटोत्तर संशोधन

रंगाची जाणीव कशी होते, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात दोन सिद्धान्त परस्परांसमोर उभे ठाकले. टॉमस यंग यांनी १८०१ साली असे सुचविले की, डोळ्यात तीन प्रकारचे ग्राहक घटक असावेत व त्यांच्या कमीअधिक उद्दीपनातून सर्व रंगांचा प्रत्यय येत असावा. हेल्महोल्ट्स यांनी या कल्पनेस शास्त्रीय सिद्धान्ताचे रूप दिले. एव्हाल्ड हेरिंग यांना ती अपुरी वाटली. हिरवट तांबडा किंवा निळसर पिवळा असा रंग कोणासही दिसत नाही, या अनुभवाच्या आधारे त्यांनी १८७० च्या दशकात तांबडा-हिरवा, पिवळा-निळा व पांढरा-काळा अशा विरोधी जोड्यांचा सिद्धान्त मांडला.

दोन्ही पक्षांचा पुरावा मुख्यतः निरीक्षकाच्या अनुभवाचा होता. म्हणूनच वाद मिटेना. तो मिटावयाचा तर एकेका पेशीचा विद्युत्-संदेश टिपणे आवश्यक होते. त्यासाठी शस्त्रक्रिया, प्रकाशशास्त्र आणि विद्युत्-उपकरणे या तिन्हींचे ज्ञान एकत्र यावयास हवे होते, आणि ते कोणत्याही एका पदवीच्या अभ्यासक्रमात मिळण्यासारखे नव्हते. डॉक्टरेटोत्तर अधिछात्रवृत्तीचे महत्त्व नेमके येथे आहे. अमेरिकेत रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९१९ साली अशा वृत्ती सुरू केल्या. आरंभी भौतिकी व रसायनशास्त्र यांपुरती असलेली ही प्रथा पुढे वैद्यकातही रुजली.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या विल्मर नेत्रसंस्थेतील प्रयोगशाळा हे या प्रथेचे बोलके उदाहरण होय. तेथे स्टीफन कफ्लर यांनी मांजराच्या दृष्टिपटलाचा अभ्यास करून १९५३ साली असे दाखविले की, तेथील एखादी पेशी आपल्या क्षेत्राच्या मध्यभागी पडलेल्या प्रकाशाने उद्दीपित होत असेल, तर भोवतालच्या प्रकाशाने ती दबली जाते. काही पेशींत हा क्रम उलट असतो. विरोध हा केवळ मनाचा व्यापार नसून चेतापेशींच्या रचनेतच तो वसतो, हे येथे स्पष्ट झाले.

१९५५ साली स्वीडनहून टॉर्स्टन वीझल या प्रयोगशाळेत आले. १९५८ साली डेव्हिड ह्युबेल त्यांना मिळाले. दोघेही वैद्यकाचे पदवीधर होते. ह्युबेल यांनी स्वतः सिद्ध केलेला टंगस्टनचा सूक्ष्म विद्युदग्र बरोबर आणला होता. त्यांची नियुक्ती वस्तुतः दुसऱ्या विभागात व्हावयाची होती. तेथील जागेची डागडुजी होईपर्यंतची ही तात्पुरती सोय होती. तथापि या तात्पुरत्या सोयीतून जे सहकार्य जुळले, ते दोन दशकांहून अधिक काळ टिकले. १९५९ साली कफ्लर यांच्याबरोबर ही मंडळी हार्वर्डला गेली.

पुढे रंगाच्या वादाचा उलगडा दोन दिशांनी झाला. १९६४ साली मार्क्स, डोबेल व मॅकनिकोल यांनी, आणि स्वतंत्रपणे ब्राउन व वॉल्ड यांनी, एकेका शंकुपेशीतील प्रकाशशोषण मोजून तीन वर्णद्रव्यांचा प्रत्यक्ष पुरावा दिला. १९६६ साली वीझल व ह्युबेल यांनी ऱ्हीसस माकडाच्या थॅलॅमसमधील दृष्टिकेंद्रात अशा पेशी दाखविल्या की, ज्या एका तरंगलांबीने उद्दीपित होतात व दुसरीने दबतात. रसेल डी व्हॅलॉइस व त्यांचे सहकारी यांचे संशोधनही त्याच निष्कर्षाकडे नेणारे होते. ग्राहकांच्या पातळीवर यंग आणि त्यापुढील टप्प्यावर हेरिंग, असा हा समेट होता.

हा समेट मात्र पूर्ण नव्हे. डेरिंग्टन, क्राउस्कॉप्फ व लेनी यांच्या १९८४ च्या मापनांवरून असे दिसते की, या पेशींचे विरोधी अक्ष माणसाला शुद्ध वाटणाऱ्या तांबड्या, हिरव्या, पिवळ्या व निळ्या रंगांशी तंतोतंत जुळत नाहीत. हेरिंग यांनी वर्णिलेल्या शुद्ध रंगांचे मूळ मेंदूत नेमके कोठे आहे, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो.

वीझल व ह्युबेल यांना १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. या यशाचे श्रेय केवळ वृत्तीच्या रकमेला देणे योग्य ठरणार नाही. नवागताने स्वतःचे साधन आणावे, यजमानाने प्रश्न निवडण्याची मोकळीक द्यावी आणि अध्यापनाच्या भारापासून काही वर्षे सुटका मिळावी, या तीन गोष्टी तेथे एकत्र आल्या. यांपैकी एक जरी नसती, तरी ती वृत्ती निव्वळ मुदतीची नोकरी ठरली असती.