बेसबॉल व्हिडिओ गेममधील फलंदाजी : सीमाभागातील खेळाडूंसाठी मार्गदर्शन

जून २०१९ मध्ये बेळगावच्या ऑटोनगर येथील मैदानावर पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने श्रीलंका ‘अ’ संघाविरुद्ध १३६ चेंडूंत नाबाद १८७ धावा केल्या होत्या. खेळपट्टीवर स्थिरावावे, नजर बसू द्यावी आणि मग हात मोकळे करावेत, ही क्रिकेटची रीत त्या खेळीत होती. बेसबॉल फलंदाजाला अशी सवड देत नाही. नऊ डावांच्या पूर्ण सामन्यात एका बॅटरच्या वाट्याला साधारणतः चार किंवा पाच संधी येतात आणि प्रत्येक संधीत सरासरी चारच्या आसपास चेंडू मिळतात. म्हणजे संपूर्ण सामन्यात जेमतेम वीस चेंडू! त्यांतील कोणते खेळायचे आणि कोणते सोडायचे, यावर सगळा हिशेब ठरतो.

क्रिकेट आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये असतील. हा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात झाला. त्याच वर्षी जूनमध्ये सिंगापूर येथे झालेल्या ऑलिम्पिक ई-स्पोर्ट्स मालिकेत कोनामी कंपनीच्या ‘पॉवर प्रोज’ या बेसबॉल गेमचाही समावेश होता. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील बहुतेक तरुणांची बेसबॉलशी पहिली ओळख मैदानावर नव्हे, तर पडद्यावरच होते. टेनिस चेंडूच्या स्पर्धांत सहज षटकार मारणारा खेळाडू या गेममध्ये मात्र सामन्यामागून सामने शून्यावर बाद होतो आणि ‘आपली बोटे मंद आहेत’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. बहुतेक वेळा तो निष्कर्ष चुकीचा असतो. अडचण बोटांत नसून क्रिकेटने लावलेल्या सवयींत असते.

क्रिकेटच्या कोणत्या सवयी आड येतात?

पहिली सवय प्रत्येक चेंडू खेळण्याची. सहा-आठ षटकांच्या टेनिस चेंडूच्या सामन्यात सोडलेला चेंडू वाया गेला, असेच मानले जाते. बेसबॉलमध्ये मात्र सोडलेल्या चेंडूला मोल आहे. होम प्लेटची रुंदी सुमारे ४३ सेंटीमीटर असते. तिच्यावरून, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंतच्या उंचीतून जाणारा चेंडू ‘स्ट्राइक’ ठरतो आणि त्याबाहेरून गेलेला व बॅटरने सोडलेला चेंडू ‘बॉल’ ठरतो. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर बाद. चार बॉल झाले की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. बाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवणारा खेळाडू पिचरची चूक स्वतःच्या अंगावर घेतो.

दुसरी सवय मैदानाच्या चारही दिशांना खेळण्याची. बेसबॉलचे वैध क्षेत्र समोरच्या ९० अंशांपुरते मर्यादित असते. क्रिकेटमधील लेट कट किंवा लेग ग्लान्स येथे ‘फाउल’ ठरतो आणि पहिल्या दोन फाउलची नोंद स्ट्राइक म्हणूनच होते. चेंडूला हलका स्पर्श देऊन धाव चोरण्याचा मार्ग येथे जवळजवळ नाही.

तिसरी सवय टप्प्याची वाट पाहण्याची. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न घेता येतो. जे काही वळण असेल ते हवेतच पडते. शिवाय क्रिकेटची बॅट सपाट आणि जास्तीत जास्त १०.८ सेंटीमीटर रुंद असते, तर बेसबॉलची बॅट गोल आणि तिचा व्यास फार तर ६.६ सेंटीमीटर असतो. त्यामुळे थोडीशी चूकही चेंडू उंच उडवते किंवा जमिनीवर आपटते. गेमची रचना करणाऱ्यांनी हे सारे गुणधर्म पडद्यावर बरेचसे जसेच्या तसे उतरवले आहेत.

वेळेचे गणित

पिचर आणि होम प्लेट यांतील अंतर १८.४४ मीटर असते. पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडतो, म्हणून प्रत्यक्ष प्रवास सुमारे १७ मीटरचा होतो. ताशी १५३ किलोमीटर वेगाचा ‘फास्टबॉल’ हे अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल, तर खेळाडूला एकूण २४ चित्रे दिसतात. डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबण्यातच माणसाचा साधारण ०.२ सेकंद खर्च होतो. उरलेल्या बारा चित्रांत चेंडू ओळखायचा, त्याची जागा ठरवायची आणि खेळायचे की नाही याचा निर्णय घ्यायचा.

त्यात पिचर वेग बदलतो. ताशी १३७ किलोमीटर वेगाचा ‘चेंजअप’ फास्टबॉलसारख्याच हालचालीने टाकला जातो, पण तो अवघी तीन चित्रे उशिरा पोहोचतो. आपल्याकडील गोलंदाजांच्या ‘स्लोअर वन’चा हा भाऊबंद. ‘स्लायडर’ शेवटच्या क्षणी बाजूला सरकतो, तर ‘कर्व्हबॉल’ वरून खाली कोसळतो. नवखा खेळाडू सगळेच चेंडू सारख्या वेळेवर मारू पाहतो आणि हळू चेंडूंवर घाई करतो. म्हणून फास्टबॉलची वेळ मनात पक्की करावी आणि चेंडू हळू दिसल्यास थांबावे, हा क्रम लाभदायक ठरतो. हळू चेंडूची वाट पाहत बसलेल्याला वेगवान चेंडू गाठता येत नाही. याउलट वेगवान चेंडूसाठी सज्ज असलेल्याला क्षणभर थांबता येते.

आधी उपकरण तपासावे

घरातील टीव्ही चित्र अधिक सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो आणि त्यात काही टीव्हींवर १०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ जातो. म्हणजे चोवीसपैकी सहा चित्रे खेळाडूच्या हाती येण्यापूर्वीच संपतात. टीव्हीच्या सेटिंगमधील ‘गेम मोड’ सुरू केल्यास हा विलंब लक्षणीय कमी होतो. मोबाइलवर खेळताना बॅटरी बचतीची सोय बंद ठेवावी, पार्श्वभूमीवर चालणारी इतर ॲप बंद करावीत आणि फोन तापल्यास थोडी विश्रांती द्यावी. तापलेला फोन आपोआप मंदावतो.

ऑनलाइन सामन्यांबाबत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. गेमचा सर्व्हर अमेरिकेत असेल, तर बेळगाव किंवा निपाणीहून संदेश जाऊन परत येण्यास २०० मिलिसेकंदांहून अधिक काळ लागणे ही नित्याची बाब आहे. चेंडूच्या प्रवासाच्या निम्मा वेळ येथेच संपतो. अशा सामन्यातील पराभवावरून स्वतःची पात्रता ठरवू नये. संगणकाविरुद्धच्या ऑफलाइन सामन्यात आपली खरी प्रगती मोजता येते.

फलंदाजीच्या पद्धती

‘एमएलबी द शो’ या गेममध्ये फलंदाजीच्या तीन मुख्य पद्धती आढळतात. ‘टायमिंग’ पद्धतीत केवळ योग्य क्षणी बटण दाबायचे असते. ‘डायरेक्शनल’ पद्धतीत वेळेसोबत फटक्याची दिशाही सुचवता येते. ‘झोन’ पद्धतीत डाव्या स्टिकने पडद्यावरील एक चिन्ह हलवून ते चेंडूच्या जागी न्यावे लागते. ही पद्धत सर्वांत अवघड. परंतु यश खेळाडूच्या स्वतःच्या हाती सर्वाधिक याच पद्धतीत असते. प्रारंभी आठवडाभर ‘टायमिंग’ पद्धतीने खेळून वेळ बसवावी आणि मग ‘झोन’कडे वळावे.

फटक्याचे तीन प्रकार असतात. साधा फटका बहुतेक प्रसंगी योग्य. ‘कॉन्टॅक्ट’ फटक्यात चिन्ह मोठे होते, चेंडू बॅटला लागण्याची शक्यता वाढते, पण जोर घटतो. दोन स्ट्राइक झाल्यावर बचावासाठी तो उपयोगी पडतो. ‘पॉवर’ फटक्यात चिन्ह आक्रसते. जोर वाढतो तशी चुकीला जागा उरत नाही. टेनिस चेंडूवर वाढलेला खेळाडू पहिल्या दिवसापासून याच बटणावर बोट ठेवतो. साध्या फटक्यानेही होमरन होते, हे अनुभवास येईपर्यंत ‘पॉवर’ फटका बाजूला ठेवणे हिताचे.

कॅमेराही बदलून पाहावा. प्रक्षेपणासारखे दूरचे दृश्य देखणे असते. पण बॅटरच्या मागून स्ट्राइक झोन जवळून दाखवणाऱ्या दृश्यात चेंडू मोठा दिसतो आणि त्याची उंची लवकर कळते. नजर बॅटरवर किंवा स्वतःच्या चिन्हावर नव्हे, तर चेंडू पिचरच्या हातातून सुटतो त्या जागेवर ठेवावी.

चेंडू निवडण्याची शिस्त

१९४१ च्या हंगामात .४०६ च्या सरासरीने फलंदाजी करणारा टेड विल्यम्स हा अमेरिकेतील थोर बॅटरांपैकी एक. फलंदाजीवरील आपल्या पुस्तकात त्याने स्ट्राइक झोनचे चेंडूच्या आकाराचे ७७ भाग पाडून दाखवले आणि प्रत्येक भागात आपली सरासरी किती राहील याचा अंदाज नोंदवला. मध्यभागी ती .४०० पर्यंत पोहोचत होती, तर बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात .२३० वर घसरत होती. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही सगळे स्ट्राइक सारखे नव्हते!

या विचाराचा गेममधील उपयोग सरळ आहे. स्ट्राइक झोनचे मनातल्या मनात नऊ चौकोन करावेत आणि आपल्याला सोयीचे दोन किंवा तीन निवडावेत. दोन स्ट्राइक होईपर्यंत केवळ त्याच चौकोनांतील चेंडू खेळावा. कोपऱ्यावरचा चेंडू स्ट्राइक ठरला तरी चालेल. तो खेळून सहज झेल देण्यापेक्षा एक स्ट्राइक पत्करणे स्वस्त पडते. दोन स्ट्राइकनंतर मात्र क्षेत्र वाढवावे लागते, कारण तेथे सोडलेला चेंडू बाद करू शकतो.

येथेच ‘काउंट’ वाचण्याचा प्रश्न येतो. बॉल आणि स्ट्राइक यांची चालू मोजणी म्हणजे काउंट. दोन बॉल-शून्य स्ट्राइक किंवा तीन बॉल-एक स्ट्राइक अशी स्थिती असेल, तर पिचरवर दडपण असते आणि तो बहुधा झोनमध्ये फास्टबॉल टाकतो. तोच मारण्याचा क्षण. शून्य बॉल-दोन स्ट्राइक अशी स्थिती असेल, तर पिचर झोनबाहेर वळणारा चेंडू टाकून बॅटरला फसवू पाहतो. तेथे संयम राखावा. पहिल्या चेंडूवर आंधळेपणाने बॅट फिरवणारा खेळाडू ही सारी माहिती मिळण्याआधीच डाव उधळतो.

सरावाचा क्रम

दररोज अर्धा तास पुरेसा आहे. गेममधील सराव विभागात पिचर आणि चेंडूचे प्रकार निवडता येतात. पहिल्या दहा मिनिटांत बॅट मुळीच फिरवू नये. चेंडू निम्म्या वाटेवर असतानाच ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असे मोठ्याने म्हणावे आणि पडद्यावरील निकालाशी ताडून पाहावे. दोघे मित्र एकत्र बसत असतील, तर एकाने बोलावे आणि दुसऱ्याने नोंद ठेवावी. पुढील दहा मिनिटांत केवळ फास्टबॉल निवडून मधल्या चौकोनात येणारेच चेंडू खेळावेत. शेवटच्या दहा मिनिटांत फास्टबॉल आणि चेंजअप यांची सरमिसळ करावी.

प्रत्येक फटक्यानंतर गेम दोन गोष्टी दाखवतो : वेळ लवकर होती की उशिरा आणि चिन्ह चेंडूच्या वर होते की खाली. बहुसंख्य खेळाडू ही माहिती न वाचताच पुढच्या चेंडूकडे वळतात. वहीत केवळ तीन रकाने आखावेत : लवकर, उशिरा, बाहेरचा चेंडू. आठवड्याअखेरीस ज्या रकान्यात सर्वाधिक खुणा असतील, तेवढाच दोष पुढच्या आठवड्यात सुधारावा. काठिण्यपातळी घाईने वाढवू नये. आपल्या खेळानुसार पातळी बदलणारी ‘डायनॅमिक’ सोय उपलब्ध असल्यास ती निवडावी.

पैसा आणि अपेक्षा

अशा गेममध्ये पैसे भरून नामांकित खेळाडूंची कार्डे मिळवण्याची सोय असते. अशा कार्डामुळे बॅटरची ताकद वाढते, चिन्हही थोडे मोठे होते. बाहेरचा चेंडू सोडण्याची बुद्धी मात्र कार्डाबरोबर येत नाही. वडिलांच्या खात्यातून किंवा पहिल्या पगारातून कार्डांवर रक्कम उधळण्यापूर्वी गेमसोबत मिळालेल्या साध्या संघाने महिनाभर खेळून पाहावे. पैसे लावून खेळण्याच्या आमिषापासून तर कटाक्षाने दूर राहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता देतानाच पैशांच्या खेळांवर बंदी घातली आहे.

अपेक्षाही वास्तवाला धरून असाव्यात. अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक लीगमधील अलीकडच्या हंगामांची एकूण सरासरी .२४० ते .२५० च्या दरम्यान राहिली आहे. दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा बॅटर तेथे उत्तम गणला जातो. म्हणजेच उत्तम बॅटरही दहापैकी सात वेळा हात हलवत परततो. अर्धशतकाच्या मापाने स्वतःला मोजणाऱ्या आपल्या मुलांना हे अपयश सुरुवातीला बोचते. रागाच्या भरात आणखी एक सामना, मग आणखी एक, असे करत मध्यरात्र होते आणि दुसऱ्या दिवशीची शाळा किंवा पाळी बुडते. सलग तीन सामने हरल्यास त्या दिवसापुरता खेळ थांबवावा, हा नियम घरातील थोरांनी घालून देण्यापेक्षा खेळाडूने स्वतःच घालून घ्यावा.

महिन्याअखेरीस वही उघडून धावांचा आकडा पाहण्याआधी, सोडलेल्या बाहेरच्या चेंडूंचा आकडा पाहावा. तो वाढलेला असेल, तर सराव योग्य दिशेने चालला आहे. धावांना थोडा अधिक अवधी द्यावा.