तबकडीची गति आणि गवयाचा सूर

ध्वनिमुद्रिकेवर गवयाचा आवाज कोरलेला असतो, असें लोक सहज बोलून जातात. वस्तुतः तिच्यावर कोरलेला असतो तो केवळ एक नागमोडी चर. त्या चरांतून कोणता सूर निघावयाचा हें तबकडी फिरविणारें यंत्र ठरवितें. तें जलद फिरलें तर सूर चढतो, मंद फिरलें तर उतरतो. आणि सुराबरोबर लयहि बदलते. गति शेंकडा सहांनीं वाढली कीं पांढरी एकमध्यें गाणारा गवई काळी एकमध्यें गाऊं लागतो.

महाराष्ट्रांतील रसिकांच्या दृष्टीनें हा प्रश्न निव्वळ यंत्रशास्त्राचा नाहीं. १९०२ सालीं फ्रेडरिक गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गोहरजान यांचें गाणें मुद्रित केलें आणि या देशांत तबकड्यांचा काळ सुरू झाला. आरंभीं येथील गाणीं जर्मनींतील हॅनोव्हर येथें छापून येत. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाला. खांसाहेब अब्दुल करीमखां यांचीं पहिलीं मुद्रणें १९०५च्या सुमाराचीं. त्या दिवसांत मिनिटास ७८ फेरे हा नियम पक्का झालेला नव्हता. कोणती तबकडी ७० फेऱ्यांच्या, तर कोणती ८० फेऱ्यांच्या आसपास कापलेली असे. आणि मधल्या कागदी चकतीवर तो आंकडा बहुधा छापलेलाच नसे. अशी ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ फेऱ्यांवर लावली तर गाणें जवळजवळ एक पट्टी वर चढतें. खांसाहेबांचा आवाज मुळांतच बारीक आणि टोकदार. तो आणखी चढलेला ऐकून कोणी म्हणूं लागला, कीं तरुणपणीं ते फारच वरच्या पट्टींत गात असत, तर त्या विधानांत गवयाचा अंश किती आणि यंत्राचा किती, हें आधीं पाहिलें पाहिजे. बालगंधर्वांसारख्या स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या बाबतींत तर अशी फसगत विशेषच सोपी, कारण तेथें आवाज बारीक असणार अशी ऐकणाऱ्याची अपेक्षाच असते.

खरी गति शोधण्याचा मार्ग मुख्यतः कानाचा आहे. साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल तर गाण्याचा षड्ज तिच्या कोणत्या तरी एका पट्टीवर बसलाच पाहिजे. दोन पट्ट्यांच्या फटींत तो राहूं शकत नाहीं. त्यामुळें संभाव्य गति दोन-तीनच उरतात, आणि त्यांतली कोणती स्वाभाविक हें तबल्याचा नाद व गळ्याची जात ओळखणारा मनुष्य सांगूं शकतो. मात्र यासाठीं यंत्राची गति हवी तशी बदलतां आली पाहिजे, आणि बदलल्यावर ती तेथेंच स्थिर राहिली पाहिजे. अडचण या दुसऱ्या अटीची आहे.

जुना चावीचा फोनो या बाबतींत वाटतो त्याहून हुशार होता. आंतील पोलादी पट्टी उलगडतांना जोर कमी होत जाई. तो सांभाळण्यासाठीं तीन लहान वजनें पातळ पट्ट्यांवर बसविलेलीं असत. गति वाढली कीं तीं बाहेर फाकत, एक चकती सरकून घर्षणाच्या गादीवर दाबली जाई, आणि वेग पुन्हां आवरे. पट्टी तुटली, वंगण वाळलें, वजनाचा स्क्रू ढिला झाला, तरी हीं सारीं दुखणीं डोळ्यांना दिसणारीं होतीं. चांगल्या घड्याळजीला तीं बरीं करतां येत.

पुढें विजेच्या मोटरी आल्या. मोटरीची शक्ति रबराच्या चाकानें किंवा पट्ट्यानें थाळीस पोंचविली जाई. चाकास एके ठिकाणीं चपटेपणा आला कीं प्रत्येक फेऱ्यास धक्का, आणि मोटरीची घरघर सुईवाटे थेट कर्ण्यांत. शिवाय अशा बहुतेक मोटरी विजेच्या आवर्तनांच्या तालावर फिरतात. १९९०च्या दशकांत पश्चिम भारताच्या वीजजाळ्यांतील आवर्तनें सेकंदास ५० ऐवजीं कित्येकदां ४९च्याहि खालीं जात. पीर हयात कलंदर यांच्या दर्ग्यानें प्रसिद्ध असलेलें वऱ्हाडांतील मंगरूळपीर त्याच जाळ्यावर होतें. तेथें अशी थाळी लावणाऱ्यास सूर उतरल्याचें यंत्राकडे पाहून कळण्यास मार्गच नव्हता. थाळीच्या कडेवरील ठिपके स्थिर दिसले म्हणजे गति बरोबर, असा संकेत असतो. ५० आवर्तनांवर निऑनचा दिवा सेकंदास १०० वेळां लुकलुकतो, म्हणून तेहतीस व एक तृतीयांश फेऱ्यांसाठीं १८० ठिपके. परंतु वीज मंदावली कीं दिवाहि मंद आणि मोटरहि मंद. ठिपके आपले स्थिरच! आरोपी आणि साक्षीदार एकाच घरचे.

ही गांठ जपानांतील मात्सुशिता कंपनीच्या शुइची ओबाता यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सोडविली. १९७० सालच्या टेक्निक्स एस्.पी. १० या यंत्रांत चाक नाहीं, पट्टा नाहीं. मोटरीचा आंस तोच थाळीचा आंस. यालाच डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. १९७५च्या दुसऱ्या आवृत्तींत गतीचा ताबा स्फटिकाच्या कंपनांकडे दिला गेला, आणि तींत ७८ फेऱ्यांचीहि सोय होती. १९७९च्या एस्.एल्. १२०० मार्क दोनमध्यें सरकपट्टीनें गति शेंकडा आठपर्यंत कमीजास्त करतां येते. तिचा तपासणीचा दिवाहि स्फटिकाच्याच तालावर लुकलुकतो, घरच्या विजेच्या नव्हे. तींत ७८ फेरे नाहींत, म्हणून संग्राहक जुनी तबकडी ४५ फेऱ्यांवर वाजवून नोंद घेतात आणि मग संगणकावर गति वाढवितात. संगणकच सर्व करील तर यंत्राची चिकित्सा कशाला, असें कोणी विचारील. एकसारखी चूक संगणक एका गुणाकारानें सुधारतो. क्षणोक्षणीं डुलणारी चूक सुधारणें मोठें किचकट काम आहे.

मात्र हीं यंत्रें आतां चाळीस-पन्नास वर्षांचीं झालीं आहेत. कपॅसिटर वाळतात, डाख तडकतात, सरकपट्टींत धूळ बसून गति मधल्या खुणेपाशीं उडी मारते. ही शेवटची खोड साफसफाईनें बहुधा जाते. एस्.एल्. १२००मध्यें थाळीच्या पोटाशींच लोहचुंबक असल्यामुळें थाळी काढली कीं लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. तो पुसूनच ती पुन्हां बसवावी, आणि थाळीवांचून यंत्रास वीज देऊं नये. जपानांत विकण्यासाठीं बनविलेलें यंत्र १०० व्होल्टचें असतें. मध्यें ट्रान्सफॉर्मर न घालतां तें येथील २३० व्होल्टवर लावलें तर जळालेंच म्हणून समजावें. खरें संकट जुन्या चिपांचें. त्या आतां कारखान्यांत बनत नाहींत. एखाद्या मोडक्या यंत्रांतून काढून दुसऱ्यास लावाव्या लागतात. चावीचा फोनो वारंवार बिघडे, पण गांवांत दुरुस्त होई. हें यंत्र क्वचित् बिघडतें, पण बिघडलें कीं तालुक्यांत त्याला वैद्य मिळत नाहीं.

१२००ची निपज २०१० सालीं थांबली होती. २०१६ सालीं ती पुन्हां सुरू झाली, आणि त्या वर्षींच्या नव्या नमुन्यांत ७८ फेऱ्यांचीहि सोय आहे. मुंबईंत १९९० पासून भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्थाहि आहे. जुन्या तबकड्या लावणाऱ्यानें सुई मात्र निराळी घ्यावी. लाखेच्या तबकडीचा चर एल्.पी.च्या चराच्या सुमारें तिप्पट रुंद असतो, एल्.पी.ची बारीक सुई त्याच्या तळाशीं घासत जाते, आणि तळाशीं गाणें नसतें, शंभर वर्षांची धूळ असते.