क्लायंट-सर्व्हर संगणन

क्लायंट-सर्व्हर संगणन : जाळ्याने जोडलेल्या संगणकांत कामाची वाटणी करण्याची रीत. मागणी करणाऱ्या प्रोग्रॅमला क्लायंट आणि ती पुरी करणाऱ्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे शब्दशः वाढपी. मात्र पंगतीतला वाढपी न मागता आग्रह करतो, तर हा सहसा मागितल्याशिवाय हलत नाही.

रत्नागिरी स्थानकावरील आरक्षण खिडकी हे या रचनेचे कोकणातले परिचित उदाहरण होय. मुंबईला जाणाऱ्या मांडवी एक्स्प्रेसचा 10104 हा क्रमांक, तारीख, वर्ग आणि ‘आरएन’ ते ‘सीएसएमटी’ हे स्थानकसंकेत प्रवाशाच्या अर्जावरून कारकून टंकतो. परंतु जागांची नोंदवही खिडकीवरच्या यंत्रात नसते, ती दूरच्या केंद्रातील सर्व्हरवर असते. दिल्लीत 1985–86 मध्ये सुरू झालेले संगणकीय आरक्षण आरंभी शहराशहरांत विभागलेले होते. रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ प्रणालीद्वारे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे 1999 पर्यंत जोडली, तेव्हा कुठल्याही खिडकीवरून कुठल्याही गाडीचे तिकीट काढणे शक्य झाले.

मोबाइलवरून तिकीट काढताना क्लायंट प्रथम संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा अंकी पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, मिळवतो, जोडणी प्रस्थापित करतो आणि मागणी कूटबद्ध करून लहान लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, रवाना करतो. वाटेत गहाळ झालेले पॅकेट पुन्हा पाठवणे आणि आलेली पॅकेटे क्रमाने लावणे ही कामे टीसीपी हा नियमसंच पाहतो.

या रीतीची खरी कसोटी गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण सकाळी 8 वाजता उघडते तेव्हा लागते. दादरचा एक चाकरमानी आणि ठाण्याचा दुसरा यांनी एकाच क्षणी शेवटच्या बर्थची मागणी केली, तरी सर्व्हर ती नोंद एकासाठी कुलूपबंद करून दुसऱ्याला थांबवतो आणि पहिल्याचा व्यवहार पुरा होताच दुसऱ्याला आरएसी किंवा प्रतीक्षायादी दाखवतो. नोंदवही प्रत्येक खिडकीवर वेगळी असती, तर एकच बर्थ दोघांना विकला गेला असता. अर्थात नोंद एका ठायी असल्याने गर्दीचा भारही तिथेच पडतो. मागण्या रांगेत साचतात आणि पडद्यावर चक्र फिरत राहते.

क्लायंट आणि सर्व्हर या भूमिका आहेत, यंत्रांच्या जाती नव्हेत. 2002 मध्ये सुरू झालेल्या आयआरसीटीसीच्या ऑनलाइन तिकीटसेवेचा संगणक प्रवाशापुढे सर्व्हर असतो, पण आरक्षण केंद्राकडे जागा मागताना तोच क्लायंट होतो. अशा साखळीत उत्तर आले नाही, तर मागणीच पोचली नाही की काम होऊन उत्तर वाटेत हरवले, हे क्लायंटला कळत नाही. खात्यातून पैसे वळते झाले पण तिकीट निघाले नाही, असा प्रकार याच फटीतून उद्भवू शकतो. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देतात, जेणेकरून तीच मागणी दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरला ती ओळखता यावी आणि अडकलेली रक्कम परत करता यावी.