सालीच्या कड्याची कुळकथा

नाशिककडच्या द्राक्षबागेत मणी धरून फुगू लागले की गर्डलिंगचे चाकू बाहेर निघतात. खोडाभोवती सालीचं जेमतेम काही मिलिमीटर रुंदीचं कडं काढायचं, आतल्या लाकडाला मात्र धक्का लावायचा नाही. डाळिंबाची गुटी बांधतानाही हेच करतात, फक्त तिथे कडं चांगलं रुंद असतं.

ही रीत का लागू पडते, याचा मागोवा सतराव्या शतकात इटलीत सुरू झाला. बोलोन्याच्या मार्सेलो माल्पिगी या वैद्याने झाडांच्या सालीची कडी काढून पाहिली. कड्याच्या वरची साल फुगली, खालची तशीच राहिली. मुळांचं पाणी लाकडातून वर चढतच होतं. म्हणजे पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं, असं त्याने ताडलं. त्याचा ग्रंथ 1675 आणि 1679 मध्ये दोन भागांत निघाला.

1837 मध्ये जर्मन वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग याला सालीत चाळणीसारखी भोकं असलेल्या पडद्यांच्या नळ्या दिसल्या. याच रसवाहिन्या. रस त्यांतून पुढे कसा सरकतो, हे 1930 मध्ये अर्न्स्ट म्युंखने मांडलं. पानांजवळ नळीत साखर भरली जाते, तिच्या ओढीने शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी आत शिरतं, दाब वाढतो आणि जिथे साखर उतरवून घेतली जाते तिकडे रस ढकलला जातो. या दाबाची साक्ष दिली मावा किडीने. 1953 मध्ये केनेडी आणि मिटलर यांनी रस शोषणाऱ्या माव्याची सोंड सालीत तशीच ठेवून कीड कापून काढली, तरी सोंडेच्या टोकातून रस पाझरतच राहिला.

या रसातली मुख्य साखर सुक्रोज. द्राक्षाच्या मण्यात इन्व्हर्टेज हे विकर तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. ऊस ती बव्हंशी न फोडता साठवतो. पण तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की हेच विकर साखर फोडू लागतं आणि उतारा घटतो.

कडं काढल्यावर खाली जाणारी साखर अडते आणि मण्यांना मिळते. गुटीत तिच्याच बळावर कड्याच्या वर मुळं फुटतात. द्राक्षाच्या खोडावरची जखम काही आठवड्यांत भरून यावी लागते, नाहीतर मुळं उपाशी राहून वेल खचते. मण्यांची फुगवण मुळांच्या वाट्यातून येते, म्हणून अशक्त वेलीवर चाकू चालवू नये.